तीस दिवसांच्या आत

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दादऱ्याचं नाव एकदा गाजून गेलं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २२ जुलै १९५४ रोजी फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केलं. २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासाही पोर्तुगीजांच्या हातून गेलं. पुढच्या वर्षी, २२ डिसेंबर १९५५ला, पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगला दावा लावला. दमणहून दादऱ्याला आणि नगर हवेलीला जायला भारतीय मुलखातून वाट मिळणं हा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. भारतातर्फे महान्यायवादी एम. सी. सेटलवाड उभे राहिले, तर भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले एम. सी. छागला. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांचा नाही. आणि १९५४ साली भारताने वाट अडवली त्यात भारताकडून काही आगळीक झाली नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

याच न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी हवामान बदलाबद्दल एकमताने एक सल्लागारी मत दिलं. त्याची सुरुवात २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआतूतल्या कायद्याच्या वर्गात झाली होती. समुद्र वर चढत असलेल्या बेटांवरचे २७ विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनी आपापल्या सरकारांना पत्रं लिहिली: हवामानाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे जगातल्या सर्वोच्च न्यायालयाला विचारा. वानुआतू सरकारने ते मनावर घेतलं. २९ मार्च २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि डिसेंबर २०२४मध्ये हेगला सुनावणी झाली. तीत ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संघटना बोलल्या. भारतही बोलला, ज्या श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षं धूर सोडला त्यांच्यावर जास्त भार यावा, ही आपली जुनी भूमिका त्याने मांडली. न्यायालयाचं मत असं की हवामानव्यवस्थेला इजा होऊ न देणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि आपल्या हद्दीतल्या खासगी उद्योगांना आवर घालणंही त्यात येतं. हे मत बंधनकारक नाही, पण यापुढे जगातल्या कुठल्याही कोर्टात ते वाचून दाखवलं जाईल.

या पोरांकडे ना पैसा होता ना मतांचा गठ्ठा. आपली काळजी कुठल्या टेबलावर, कुठल्या नमुन्यात ठेवली की तिची दखल घ्यावीच लागते, ते त्यांनी शोधून काढलं. तरुणांच्या हवामान चळवळीबद्दल आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात फलक, घोषणा आणि रंगवलेले चेहरे पुष्कळ असतात. त्यांना माझा विरोध नाही. पण धोरण बदलतं ते बहुतेक वेळा मुदतीच्या आत पोचलेल्या कागदाने, आणि हे दादऱ्यातल्या मुलामुलींना इतर कुणाहीपेक्षा जास्त लागू आहे.

त्याचं कारण तिथल्या राज्यकारभारात आहे. दादरा-नगर हवेलीला विधानसभा नाही. २६ जानेवारी २०२० पासून हा प्रदेश आणि दमण-दीव मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला; कारभार प्रशासक पाहतात. संविधानाच्या २४०व्या कलमाखाली इथल्यासाठी थेट राष्ट्रपतींना विनियम करता येतात. म्हणजे आमदाराच्या दारात जाऊन बसण्याचा मार्गच नाही. दादरा-नगर हवेलीच्या वाट्याला लोकसभेची एक जागा आहे, खाली जिल्हा पंचायत, ग्रामपंचायती आणि सिल्वासाची नगरपरिषद. २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ३,४३,७०९ होती आणि त्यात निम्म्याहून अधिक आदिवासी: वारली, कोकणा, धोडिया. एवढं असूनही हा भाग पाचव्या अनुसूचीत नाही, त्यामुळे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा, शेजारच्या तलासरी-जव्हारला लागू असलेला पेसा कायदा इथे लागू होत नाही. जे दरवाजे उरतात ते केंद्रीय कायद्यांचे, आणि त्यांतले बरेचसे महाराष्ट्रातच उघडतात. इथली अपिलं मुंबई उच्च न्यायालयात येतात. राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे आणि दादरा-नगर हवेली त्याच्याच अखत्यारीत येते.

आता हवामानाचा इथे संबंध काय, ते पाहू. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की त्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. ते बाष्प पुढे थोड्या वेळात एकदम कोसळतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर अतिवृष्टी होण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. त्याच संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये अरबी समुद्राचा हिशेब मांडला: २००१ ते २०१९ या काळात तिथल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली होती. त्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते वादळ उना आणि दीवच्या दरम्यान किनाऱ्यावर आदळलं. दीव म्हणजे दादऱ्याच्याच प्रशासनाचा भाग.

नदीच्या बाजूने पाहिलं तर सह्याद्रीत उगम पावलेली दमणगंगा मधुबन धरणात अडते, सिल्वासाच्या अंगाने वापीकडे जाते आणि दमणला समुद्राला मिळते. धरण भरून ठेवायचं की पुरासाठी जागा मोकळी ठेवायची, याचं एक वेळापत्रक असतं. कोणत्या तारखेला पाणी कुठवर असावं हे त्यात ठरलेलं असतं. पाऊस पूर्वीसारखा पडत नसेल तर पूर्वीच्या पावसावर बेतलेलं हे वेळापत्रक पुन्हा तपासायला हवं. मला हा हवामान धोरणाचा अगदी नेमका प्रश्न वाटतो, आणि तो विचारायला अगदी थोडं शुल्क लागतं. माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराची मुदत तीस दिवस. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी हा अर्ज एका संध्याकाळी लिहू शकते.

कागदाची ताकद पुऱ्या देशाने पाहिली ती २०२०मध्ये. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची जुनी अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ची. ती बदलणारा नवा मसुदा केंद्राने टाळेबंदीच्या दिवसांत, ११ एप्रिल २०२०ला राजपत्रात छापला. मसुद्यावर हरकती घ्यायला साठ दिवस द्यावे लागतात. या मसुद्यात जनसुनावणीच्या सूचनेची मुदत तीस दिवसांवरून वीस दिवसांवर आणायची होती आणि आधी बांधकाम करून मागून परवानगी घेणाऱ्यांना वाट करून द्यायची होती. मसुदा इंग्रजीत आणि हिंदीत होता. विक्रांत तोंगड यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत तो मसुदा द्यायला सांगितलं. दरम्यान घरात अडकलेल्या विद्यार्थ्यांनी काम हातात घेतलं होतं. कुणी कलमं सोपी करून सांगितली, कुणी हरकतीचे नमुने तयार केले, कुणी आजीला समजेल अशी चित्रं काढली. फ्रायडेज फॉर फ्युचरच्या भारतीय शाखेसह तीन तरुण गटांच्या वेबसाइट जुलैत बंद पाडल्या गेल्या. एका नोटिशीत तर दहशतवादविरोधी कायद्याचं कलम होतं. ते नंतर चूक म्हणून मागे घेण्यात आलं. शेवटी हरकती आणि सूचना लाखांत पोचल्या. तो मसुदा त्या रूपात अंतिम झाला नाही. त्यातले काही बदल पुढे सुट्या-सुट्या दुरुस्त्यांनी येत राहिले, हेही खरं. म्हणून राजपत्र वाचायची सवय एकदाच्या मोहिमेपुरती ठेवून चालत नाही.

जनसुनावणी म्हणजे काय हे पुष्कळ शिकलेल्या माणसांनाही माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मोठा कारखाना, खाण, बंदर किंवा धरण यायचं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाने (केंद्रशासित प्रदेशात समितीने) वर्तमानपत्रांत किमान तीस दिवस आधी सूचना द्यायची. एक राष्ट्रीय दैनिक आणि एक स्थानिक भाषेतलं. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध ठेवायचा. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्यायची. ठरलेल्या दिवशी मांडव पडतो, खुर्च्या मांडतात, व्यासपीठावर जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी आणि मंडळाचे अधिकारी बसतात. बाहेर पोलिसांची गाडी. आधी कंपनीचा माणूस पडद्यावर चित्रं दाखवतो: झाडं, शाळा, रोजगार. मग माइक लोकांकडे येतो. सगळं चित्रित होतं. गणपूर्तीची अट नाही. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरतात. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं आणि त्याच दिवशी त्यावर सह्या व्हायच्या, असा नियम आहे. मागच्या रांगेतले लोक बहुधा तोवर एसटी पकडायला निघालेले असतात. तिथे थांबायला हवं. आपण बोललो ते इतिवृत्तात तसंच उतरलं का, हे ऐकायला हवं, आणि लेखी हरकत देऊन तिच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायला हवी. पुढे कोर्टात तोच कागद बोलतो. भाषण कितीही टाळ्या घेणारं झालं तरी पोच नसेल तर फार थोडं हाती राहतं.

दादऱ्यात तर स्थानिक भाषा कोणती, इथूनच प्रश्न सुरू होतो. सारांश गुजरातीत आला तर खानवेलकडची वारली म्हातारी तो वाचणार कसा? ज्या मुलाला घरात वारली आणि शाळेत गुजराती, मराठी किंवा हिंदी येते, त्याने तो सारांश पाड्यावर बसून तोंडी सांगितला, तर तेवढंच काम फार मोठं आहे. आणि एक पळवाट लक्षात ठेवायची. मंजूर औद्योगिक वसाहतींच्या आत येणाऱ्या प्रकल्पांना बऱ्याचदा जनसुनावणीतून सूट मिळते. करसवलतींमुळे प्लास्टिक आणि पॉलिएस्टर धाग्याच्या कारखान्यांनी भरलेल्या या भागात ही सूट किती ठिकाणी वापरली गेली, याचा आढावा कॉलेजच्या मुलांनी घ्यावा असं मला मनापासून वाटतं. शेजारची वापी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या निर्देशांकात ८८.०९ गुणांसह देशात दुसरी आली होती, अंकलेश्वरच्या खालोखाल. एकेक कारखाना स्वतःच्या कागदावर नियमात बसतो. नदीला मात्र सगळ्यांचा मिळून हिशेब द्यावा लागतो.

कागद वेळेवर गेला तरी सगळं जिंकता येत नाही. मुंबईतल्या आरेची गोष्ट त्यासाठी नीट आठवायला हवी. मेट्रो-३च्या कारशेडसाठी २,१८५ झाडं तोडायला आणि ४६१ दुसरीकडे लावायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ला मंजुरी दिली. त्याआधी हजारो मुंबईकरांनी हरकती नोंदवल्या होत्या. आरेत वारल्यांचे पाडे आहेत. केलटीपाड्याचे वारली चित्रकार प्रकाश भोईर यांच्यासारखे रहिवासी विद्यार्थ्यांबरोबर रस्त्यावर उतरले. ४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिव्यांच्या उजेडात करवती सुरू झाल्या. बातमी मोबाइलवरून पसरली, मुलं दाट अंधारात बॅरिकेडपाशी जमली, २९ जणांना अटक झाली. त्यांत विद्यार्थीही होते. परीक्षा तोंडावर असताना कोठडीत गेलेली ही मुलं होती.

रविवारी कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. दसऱ्याची सुट्टी असूनही सर्वोच्च न्यायालयाने ते पत्र जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि सोमवारी, ७ ऑक्टोबरला, खास पीठ बसवून तोड थांबवली. एका पत्राने हे झालं. पण तोवर २,१४१ झाडं पडली होती. त्यानंतरच्या सरकारने गुन्हे मागे घ्यायचं ठरवलं, कारशेड कांजूरमार्गला न्यायची घोषणा केली, आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन करायचं जाहीर केलं. २०२२मध्ये सरकार बदललं आणि कारशेड परत आरेत आलं. एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी १७७ झाडं काढायला परवानगी दिली. मात्र आधी ८४ झाडांचीच परवानगी मागितली असताना मेट्रो कंपनी परस्पर त्यापुढे गेली म्हणून तिला दहा लाखांचा दंड केला. आज मेट्रो-३ धावते आहे.

हरले का हे विद्यार्थी? कारशेडच्या बाबतीत हरले, ते कबूल करायला हवं. मेट्रो ही हवामानाच्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे आणि आंदोलकांनीही मेट्रो नको असं म्हटलं नव्हतं. ते जागेबद्दल भांडत होते. पण शहराच्या राजकारणात झाड हा विषय त्या तीन दिवसांनी आणला. २०२०मध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले, माझी वसुंधरा अभियान सुरू झालं आणि १३ मार्च २०२२ला मुंबईचा हवामान कृती आराखडा आला. २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचं त्याचं उद्दिष्ट आहे. हे सगळं आरेमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. आरे झालं नसतं तर एवढ्या लवकर झालं असतं, असंही मला वाटत नाही.

कोर्टाच्या बाबतीत भाबडेपणा नको. उत्तराखंडच्या रिधिमा पांडेने २०१७मध्ये, नऊ वर्षांची असताना, सरकार हवामानाबाबत पुरेसं करत नाही म्हणून हरित लवादाकडे धाव घेतली. जानेवारी २०१९मध्ये लवादाने अर्ज निकाली काढला: प्रकल्पांना परवानगी देताना हवामानाचाही विचार होतोच, वेगळ्या आदेशाची गरज नाही. पुढे मार्च २०२४मध्ये, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानेच हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४व्या आणि २१व्या कलमांत आहे असं मान्य केलं. रिधिमाचा अर्जही त्याच दिशेचा होता.

कोर्टाच्या पायरीपर्यंत न जाता गावातच करण्यासारखंही बरंच आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेला, मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो; पंचायतीला उभं राहायला एकवीस लागतात. पेसा नसला तरी २००६चा वनहक्क कायदा नगर हवेलीत लागू आहे आणि त्यात सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यात पायविहीर नावाचं गाव आहे. उघड्या पडलेल्या डोंगरावरचा सामूहिक हक्क त्याने २०१२मध्ये मिळवला. गावातल्या तरुणांनी खोज या संस्थेच्या साथीने चराई आणि तोड थांबवली, रोजगार हमीतून मृदसंधारणाची कामं केली, झाडं जगवली. जंगल परतलं, सीताफळं विक्रीला गेली, पोटासाठी बाहेर जाणं कमी झालं. २०१४ साली या गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. झाडांत साठणाऱ्या कार्बनच्या भाषेत हे हवामान धोरण आहे. गावाच्या भाषेत ते चुलीचं आणि चाऱ्याचं धोरण आहे.

दादऱ्यात आणखी एक प्रश्न आहे, आणि तो जंगलातला नाही. पॉलिएस्टरचा धागा तापवून त्याला पीळ देणाऱ्या यंत्रांच्या शेडमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा आणि महाराष्ट्रातून आलेली तरुण पोरं काम करतात. एप्रिल-मेमध्ये बाहेरचाच पारा चढलेला असताना आतल्या उकाड्याचं काय होत असेल? अहमदाबादने २०१३मध्ये उष्णता कृती आराखडा केला, देशातला पहिला. त्यात उन्हाच्या इशाऱ्यांची यंत्रणा, दवाखान्यांची तयारी, कामाच्या वेळा असं सगळं आहे. सिल्वासा २०१८च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. तिथल्या आराखड्यात कारखान्याच्या छपराखालचं तापमान मोजलं जावं, ही मागणी कामगारांच्या खोल्यांतून राहणारे तरुणच करू शकतात, कारण त्या उकाड्याशी गाठ त्यांचीच आहे.

नदीचा प्रश्न तर येऊन ठेपलाच आहे. २०२२च्या अर्थसंकल्पात पाच नदीजोड प्रकल्पांची नावं घेतली गेली. त्यांतले दोन याच मुलखातले. पार-तापी-नर्मदा जोडच्या विरोधात धरमपूर, वांसदा, डांगमधले आदिवासी रस्त्यावर आले. त्यांत बाया आणि तरुण पुढे होते, आमदार अनंत पटेल त्यांच्याबरोबर. २१ मे २०२२ला गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी तो प्रकल्प रद्द झाल्याचं जाहीर केलं. दुसरा दमणगंगा-पिंजाळ: नाशिक-पालघरच्या डोंगरात दमणगंगेवर भुगड आणि वाघ नदीवर खारगीहिल ही दोन धरणं बांधून मुंबईला पाणी न्यायचं. त्याचा सविस्तर अहवाल २०१४ पासून तयार आहे. वर पाणी अडलं तर मधुबनमध्ये काय येईल, उन्हाळ्यात सिल्वासाच्या खाली नदीत किती पाणी उरेल, आणि बदललेल्या पावसाचा आकडा त्या जुन्या अहवालात धरला आहे का, हे तिन्ही प्रश्न आजच लिहून ठेवता येतील. पर्यावरण परवानगी मिळाल्यावर हरित लवादाकडे अपील करायला तीस दिवस असतात, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी साठ. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क एक हजार रुपये. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. अर्जदार स्वतः उभा राहून बोलू शकतो. पीठ पुण्याला बसतं.